जाड ओतलेल्या प्लेटा

सांगतो, पण यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. अख्ख्या इबादान शहरात आजवर कुणाचा बसलेला नाही. माझं लग्न बुरशीनं जमवलं!

हसू नकोस, सिमी. तू आणि हा तुझा डायो, दोघंही दातांचे डॉक्टर व्हायला निघालात, वर माझ्याच घरात भाड्यानं राहताय. तुम्हाला हे कळायलाच हवं. खुर्च्या जरा जवळ ओढा. बाईसाहेब आत फोनवर आहेत, तेवढ्यात उरकतो.

पंचवीस वर्षं झाली. मी अडतीसचा, बिनलग्नाचा, आणि दातांच्या कॉलेजातल्या जंतूंच्या प्रयोगशाळेत मोठा तंत्रज्ञ. जंतूंसाठी जेली शिजवायची आणि ती काचेच्या उथळ प्लेटांत ओतायची, हे माझं काम. ओतावी तर इशोलानंच, असं लोक म्हणायचे. तळापासून बरोबर चार मिलिमीटर, केसाइतकाही फरक नाही.

जानेवारीची सकाळ होती. वाळवंटाकडून हरमॅटन वारा सुटलेला, सगळीकडे पीठ सांडल्यासारखी धूळ. हनुवटीपर्यंत रचलेल्या तीस प्लेटा घेऊन मी दाराशी आलो आणि दार पलीकडून उघडलं. धाडकन! तीसच्या तीस हवेत. मी एकोणतीस झेलल्या.

"एकोणतीस, बाबा?" सिमी म्हणाली.

तिसावी तिनं झेलली म्हणून. नाहीतर तीही झेलली असती.

ती दारात उभी होती. भुवयांवर धूळ, हातात माझी प्लेट.

"ही तुमची?"

"तुम्हाला हवी असेल तर... तुमची."

"मला साठ हव्यात," ती म्हणाली आणि हसली. ती हसली तेव्हा मागच्या उबदार पेटीतला पारा दोन अंशांनी चढला. मी स्वतः नोंद केली आहे.

ही डॉक्टर मोरेनिके. दाताच्या मुळाला भोक पडलं तर ते बुजवायला एक सिमेंट भरतात, तुम्हाला माहीतच आहे. पण मुळात लपून बसलेल्या बुरशीला ते सिमेंट मारतं का, हे तिला बघायचं होतं. सिमेंटं चार. प्लेटभर बुरशी पेरायची, जेलीत चार खड्डे पाडायचे, प्रत्येकात एक सिमेंट भरायचं आणि दोन दिवस उबेत ठेवायचं. सिमेंट दमदार असेल तर त्याच्याभोवती बुरशी फिरकत नाही, मोकळं वर्तुळ पडतं. जेवढं मोठं वर्तुळ, तेवढा दम. मे महिन्यात तिची शेवटची परीक्षा होती, आणि प्रबंधाशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं.

"दोघांनी करायचं काम आहे," ती म्हणाली. "तीस प्लेटा एकाच्या हाताच्या, तीस दुसऱ्याच्या. आकडे जुळले तरच खरे. एक हात तुमचा, मिस्टर इशोला?"

"दोन्ही घ्या ना."

"दुसरा आहे माझ्याकडे."

तो दुसरा हात डॉक्टर फोलारिनचा निघाला! तिच्याच वर्गातला. उंची माझ्या दीडपट, दात एवढे पांढरे की लाईट गेल्यावर आम्ही त्याला हसायला सांगायचो. स्वतःची गाडी. रोज दुपारी भाजलेली केळी आणि शेंगदाणे घेऊन यायचा, कागद तिच्यापुढे उलगडायचा. मलाही द्यायचा म्हणा. पण तिला देताना शेंगदाण्यांची सालं फुंकून काढायचा हो... माझे सालासकट!

आणि ती त्याच्या प्लेटेवर वाकायची. माझी प्लेट उभ्यानं बघायची — "छान, मिस्टर इशोला" — आणि पुढे जायची. त्याच्या प्लेटेशी मात्र डोक्याला डोकं लावून. मी मोजायला बसलो की मला वर्तुळं दिसेनात, तिची वेणी तेवढी दिसायची, त्याच्या खांद्यापासून चार बोटांवर. मग तीन बोटांवर.

"मग तुम्ही काय केलंत?" डायोनं विचारलं.

जाड ओतल्या.

अरे, असं बघू नका. प्लेटा सगळ्या मीच ओतायचो. सरावाच्या संपल्यावर त्याच्या वाट्याच्या खऱ्या तीस मी सहा मिलिमीटर ओतल्या. जेली जाड असली की सिमेंटाचा रस खाली मुरतो, बाजूला पसरत नाही, वर्तुळ लहान पडतं. नुसतं डोळ्यांना काही कळत नाही. मला एवढंच हवं होतं की तिनं म्हणावं, हा फोलारिन हाताचा कच्चा आहे.

ती म्हणालीसुद्धा! "फोलारिन, तू सिमेंट नीट कालवत नाहीस का रे?" त्या दिवशी मी शेंगदाणे सालासकट खाल्ले आणि गोड लागले.

मग आकडे प्रोफेसर एकुंदायोबाईंकडे गेले. माझ्या हाताला वर्तुळ अठरा मिलिमीटर, तिथेच फोलारिनच्या हाताला अकरा. चारही सिमेंटांची तीच गत. बाईंनी चष्मा काढला.

"मोरेनिके, ह्यातलं खरं काय?"

"मला... माहीत नाही, मॅडम."

"मग फेकून दे. परीक्षेला पुढच्या वर्षी बस."

ती बाहेर आली. व्हरांड्यात फोलारिन उभा होता. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडली. तीन बोटं गेली, दोन गेली, एकही उरलं नाही. आणि ते डोकं तिथं ठेवलं कुणी? मी! माझ्या जेलीनं! वर तो तिला सांगत होता, "माझाच हात वाईट असेल गं. दोष मी घेतो."

मला आतून जाळ लागला. एक तर तो तिला मिळत होता, आणि दुसरं म्हणजे तो माझ्याहून भला निघत होता. दुसरं जास्त झोंबलं.

मी बाईंच्या खोलीत शिरलो आणि पांढऱ्या कोटासकट जमिनीवर पालथा पडलो. वडीलधाऱ्यांपुढे पडतात तसा, छाती फरशीला. "मोरेनिकेलाही बोलवा," मी म्हटलं. बाईंनी तिला आत हाक मारली.

"उठा, मिस्टर इशोला. त्या फरशीवर काय काय सांडलेलं असतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, मॅडम. मीच सांडतो. जेली मी जाड ओतली."

मोरेनिके तडक प्रयोगशाळेत गेली. आतून फोलारिनची एक प्लेट घेऊन आली, सुरीनं जेलीची फोड कापली आणि पट्टीला लावून उभी केली. सहा. माझीही कापली. चार.

"का?"

"तुम्ही... त्याच्या प्लेटेवर जास्त वाकायचात."

बाई एकदम खिडकीबाहेरचा आंबा बघायला लागल्या. मोरेनिकेचे कान लाल झाले, आणि मला वाटलं, आता पट्टी माझ्या डोक्यात बसणार.

"त्याचा हात नवखा, म्हणून चुका शोधायला वाकत होते मी! तुमच्या हातावर माझा भरवसा होता, म्हणून तुमची प्लेट उभ्यानं बघत होते."

मी पुन्हा पालथा पडलो. या वेळी कुणी उठा म्हटलं नाही.

बाईंनी अकरा दिवस दिले. साठ प्लेटा नव्यानं. अकरा दिवस ती माझ्याशी आकड्यांपलीकडे एक शब्द बोलली नाही. ती मोजायची, मी लिहायचो.

"अठरा."

"लिहिलं."

"सतरा पूर्णांक पाच."

"लिहिलं."

पाचव्या दिवशी "अठरा" जरा मऊ आला. आठव्या दिवशी "सोळा" म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं. लाईट गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत आम्ही एकाच प्लेटेवर वाकून तसेच थांबलो... तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. फोलारिननं समोरून तिच्यापुढे शेंगदाणे धरले, आणि पहिल्यांदाच साल न काढता. त्यालाही कळलं असावं.

अकराव्या दिवशी दोन्ही हातांचे आकडे जुळले. सगळ्यात महागडं सिमेंट तिसरं आलं, आणि पहिल्याचं वर्तुळ एवढं स्वच्छ की त्यातून मी खालचं वर्तमानपत्र वाचलं, जाहिरातींसकट.

"आता पुढची प्लेट?" मी विचारलं.

"प्लेटा संपल्या," ती म्हणाली. पेन खाली ठेवलं नाही. "पुढे माझे वडील. इलेशाला राहतात. त्यांच्यापुढेही तसेच पालथे पडाल?"

"किती वेळ?"

"ते उठ म्हणेपर्यंत. त्यांना कमी ऐकू येतं."

चाळीस मिनिटं पडलो होतो मी! परीक्षा मेमध्ये, लग्न ऑगस्टमध्ये. आणि मुलांनो, खरं सांगतो, ती सहा मिलिमीटर जेली त्या दिवशी माझ्या काळजातून निघाली ती निघालीच. त्यानंतर आजतागायत कुणाबद्दलही माझ्या मनात तिळभर मत्सर...

"साफ खोटं!" आतून आवाज आला. फोन कधीच संपला होता. मोरेनिके दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "अहो, परवा फोलारिन आला होता ना, दाढ दाखवायला? साठीला टेकलेला माणूस! मी म्हटलं, जरा टॉर्च धरा. तर ह्यांनी ती अर्धा तास त्याच्या डोळ्यांत धरली!"