खोली गृहीत धरली होती

मोहीम निघाली होती एका आकड्यासाठी! गेले काही आठवडे हा निर्मनुष्य डोंगर अधूनमधून हादरत होता, आणि मुख्य केंद्राच्या हिशेबाने त्यातला एक धक्का चक्क ४.४चा भरला होता. या भागात एवढा मोठा धक्का कुणी ऐकलाही नव्हता. माथ्यावर यंत्र बसवायचं, पुढचा धक्का ऐन उगमावरून टिपायचा, की भूकंपतज्ज्ञ चिमीचं नाव झालंच म्हणून समजा. चिमी हे तिचं घरचं नाव. मोहिमेतही तेच चिकटलं, कारण तुकडीचा डॉक्टर तिचा सख्खा थोरला भाऊ होता. तिसरा गडी यंत्रवाला. तो दिवसाकाठी जेमतेम चार शब्द बोलायचा, म्हणून दादाने त्याला नाव ठेवलं बडबड्या.

डोंगराने पहिल्यापासूनच नाकी नऊ आणले. ओढ्यावरचा पूल वाहून गेलेला; कमरेएवढ्या थंडगार पाण्यातून यंत्र डोक्यावर घेऊन जावं लागलं. पलीकडच्या सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावर दादाचा पाय मुरगळला आणि बघता बघता टम्म सुजला. शेवटी पुढे झुकलेल्या एका कड्याच्या आडोशाला तंबू ठोकून त्याला तिथेच ठेवायचं ठरलं. जागा चिमीनेच निवडली. कोरडी होती, वारा लागत नव्हता.

"वरनं धोंडा आला म्हणजे?" दादाने मान वर करून विचारलं.

"नाही येत रे! उगम पस्तीस किलोमीटर खोल आहे. इथवर पोचेपर्यंत धक्क्याचा जीव निघालेला असतो."

"तू म्हणतेस म्हणजे असेल बाई," म्हणत तो पांघरुणात शिरला.

दोर लावत, धापा टाकत दोघं माथ्यावर पोचले. बडबड्याने यंत्र उघड्या खडकावर घट्ट बसवलं. पडद्यावर रेघ सरळ धावू लागली न लागली तोच... धाड! खडकाने खालून लाथ घातल्यासारखं झालं.

"आला! आला रे!" चिमी आनंदाने किंचाळली आणि पडद्याकडे धावली. दुसऱ्याच क्षणी तिने रेघेवर बोट ठेवून सेकंद मोजले.

भूकंपाच्या दोन लाटा निघतात, एक चपळ, एक सुस्त. पस्तीस किलोमीटर खोलवरून यायचं तर सुस्त लाटेला चांगले चार सेकंद उशीर व्हायला हवा. इथे दोघी एकमेकींना चिकटून आल्या होत्या!

"दोन किलोमीटर," ती कशीबशी म्हणाली. "फार तर दोन. पायाखालीच आहे हा!"

"मग पस्तीस?"

"लांबच्या केंद्रांना खोली लागली नाही, की संगणक ठरलेला आकडा टाकून मोकळा होतो. शेजारी 'गृहीत' असं लिहितो. मी वाचलं होतं रे! रोजच वाचते!"

"आणि ४.४?"

"फुगलेला! एवढ्या खोलवरून येऊनही यंत्र इतकं थरथरलं, म्हणजे धक्का मोठा, असा तो हिशेब. उगम वर निघाला की आकडा उतरतो."

"म्हणजे लहानच."

"लहान, पण त्या कड्याच्या बुडाशी! दादा!"

तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. हाक मारली. पुन्हा मारली. नुसती खरखर.

"नोंदीचा डबा काढून घेऊ?" बडबड्याने पान्याला हात घातला.

ज्याच्यासाठी एवढी उरस्फोड केली, ते सगळं त्या डब्यात होतं. चिमीने एकदाच डब्याकडे बघितलं.

"मरू दे तो डबा! चल!"

दोर धरला. घसरली. तळहात सोलून निघाले. उठली, पुन्हा धावली! तंबूत दादा खुशाल घोरत होता.

"झोपू दे गं..."

"ऊठ! ऊठ म्हणते ना!"

बडबड्याने त्याला सरळ पाठुंगळी घेतलं. चिमी मागून रेटत होती. कड्यापासून दूर, समोरच्या उघड्या डोंगरसोंडेवर ते पोचतात न पोचतात तोच जमीन उसळली. तिघंही आडवे! मागे कानठळ्या बसवणारा आवाज झाला. माथ्याची अख्खी कड, यंत्रासकट, खाली आली!

धूळ बसायला बराच वेळ लागला. तेवढ्यात चिमीच्या खिशातला सॅटेलाइट फोन वाजला. मुख्य केंद्रातला सहकारी होता.

"मॅडम, आत्ताचा धक्का ४.५! पण खोली पस्तीस, काळजी नसावी. तंबूतच थांबा."

"खोली दोन धर," चिमी म्हणाली.

पलीकडे कळफलक बडवल्याचा आवाज आला. "अरेच्चा! मग ३.६च भरतो की! किरकोळ आहे, मॅडम. उगाच घाबरलो."

चिमी समोर बघत राहिली. तंबूच्या जागी घराएवढे धोंडे पडले होते. दादाने तिच्या हातातला फोन काढून घेतला.

"साहेब, माझा तंबू त्या किरकोळाखाली गेलाय," तो म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "वाचलो ना गं? मग रडतेस कशाला, चिमे?"

"मीच तुला तिथे निजवलं होतं रे दादा!" ती म्हणाली, आणि त्याचा हात तिने घट्ट धरून ठेवला.