दुसरा साक्षीदार

कंदील थोडा इकडे सरकवा आणि दार लोटून घ्या. गोष्ट धारप वकिलांची आहे, आणि ती खरी आहे.

महाडच्या कोर्टात धारपांचं तेव्हा नुकतंच नाव होऊ लागलं होतं. माणूस विद्वान, पण भित्रा म्हणावा इतका सावध. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ते ओढून बघायचे. सतरा जानेवारी एकोणीसशे एकतीस, शनिवार, पौष वद्य चतुर्दशी. पहाटे पांडूच्या बैलगाडीत बसून ते पोलादपूरला निघाले. हिरड्याचे व्यापारी सयाजीशेट शेवटच्या दुखण्यात होते. त्यांना मृत्युपत्र करायचं होतं.

आंबेनळीच्या रानातला हिरडा गोळा करायचा, वाळवायचा आणि महाड बंदरातून मुंबईला पाठवायचा, हा शेटचा जन्माचा धंदा. मुलगा सहा वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून वखार सांभाळली ती सुनेनं, मैनेनं. मूठभर हिरडा कानाशी खुळखुळवला की माल किती वाळलाय ते ती अचूक सांगे. पण त्या काळी विधवा सुनेला कायद्यानं फक्त पोटापुरतं मिळे. मृत्युपत्र झालं नाही तर वखार जाणार होती शेटच्या विभक्त भावाकडे, रावजीकडे. आणि रावजी तिला ओसरीवरही उभं करणार नव्हता.

दुपारी बाराला वकील पोचले.

"कालच सगळा गाव बोलावून सांगितलं, वखार मैनेची," शेट धापा टाकत म्हणाले. "आमच्या बापानं बी असंच केलं. मंग कागुद कशापायी?"

"चार वर्षांपूर्वी कायदा बदललाय, शेट. आता कागद लागतो, आणि दोन साक्षीदार लागतात."

एक साक्षीदार वकील स्वतः. पण दुसरा कोण? काल माना डोलावणारा गाव आज एकेक करून पांगला. कुणाची गाय व्यायला आली, कुणाचे गुडघे धरले. रावजीशी वैर कुणालाच नको होतं.

पांडू उंबऱ्याशी बिडी विझवत म्हणाला, "माझा आंगठा घ्या की."

वकिलांनी त्याच्याकडे पाहिलं. फाटकी बंडी, तोंडाला ताडीचा वास. "तुझा नको. कोर्टात तू टिकायचा नाहीस."

"बरं. बैलान्ला इचारून बघा, त्ये टिकतील," असं म्हणून पांडू गाडीखाली जाऊन झोपला.

"महिपतीबाबा येतील," मैना म्हणाली. "सांगावा गेलाय."

महिपती आंबेनळीच्या वरच्या वाडीचा. तीस वर्षं तो शेटना हिरडा घालत होता. त्याच्या शब्दाला सगळीकडे मान. साक्षीदार असावा तर असा, असं वकिलांना वाटलं. थांबू थोडं...

तीन वाजले. पाच वाजले. दिवे लागले. शेटचा श्वास घरघरू लागला. पांडूला हाक मारावी, असं वकिलांच्या दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा ते उठले आणि पुन्हा बसले.

अकराला दहा मिनिटं होती. घड्याळ त्यांनी स्वतः पाहिलं. बाहेर कुत्री भुंकत होती. एकदम थांबली.

दारात महिपती उभा होता.

एरवी तो फाटकातूनच ओरडायचा, "शेट, हाय का उलथला?" आज ओरडला नाही. खांद्यावर घोंगडं, पायात वहाणा. मान जराशी एका बाजूला कललेली.

"लय उशीर केलास, मर्दा," शेट पुटपुटले.

महिपती आत येऊन शेटजवळ उभा राहिला.

"बाबा, पानी घ्या," मैनेनं तांब्या पुढे केला. त्यानं तो घेतला नाही.

दोघांच्या देखत शेटनी मृत्युपत्रावर सही केली. मग वकिलांनी केली. मग महिपतीचा डावा अंगठा धरून त्यांनी शाईत टेकवला, कागदावर दाबला. अंगठा गार. सावित्री नदीतल्या दगडासारखा. त्यांनी हात सोडला... अंगठा तसाच दाबलेला राहिला. कितीतरी वेळ.

मग तो निघून गेला. कुत्री भुंकली नाहीत.

पहाटे शेट गेले. आणि सकाळी नऊला घाटातून माणूस आला. आदल्या दिवशी खाली उतरताना, सूर्य बुडताना, महिपती दरीत कोसळला होता. मान मोडली. अंधार पडायच्या आत लोकांनी प्रेत वर काढलं. पंचनाम्यासाठी रात्रभर दरीच्या काठावरच ठेवलं. दोन माणसं शेकोटी करून शेजारी बसली होती. प्रेत कुठेही गेलं नाही...

रावजीनं दावा लावला. सात महिन्यांनी साक्षीची तारीख लागली. आदल्या संध्याकाळी मैना धारपांच्या घरी आली.

"भाऊसायेब, दुपारी आले व्हते म्हणा. आंगठा दिला नि परत जाताना पडले, येवढंच. पांडू बी तसंच सांगंल."

"खोटं बोलू? शपथेवर?"

"आंगठा त्यांचाच हाय ना? मंग खोटं काय त्यात?"

ती निघून गेली. धारपांना रात्रभर झोप आली नाही.

कोर्टात रावजीच्या वकिलानं विचारलं, "महिपती किती वाजता आला?"

मैना भिंतीशी उभी होती. पांडू दाराशी. धारपांनी दोघांकडे पाहिलं.

"अकराला... दहा कमी. रात्री."

कोर्टात हसू फुटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मेल्यावर आला का काय?" मैना हसली नाही, रडलीही नाही. कमरेची वखारीची किल्ली सोडून तिनं रावजीच्या पुढ्यात ठेवली. धारपांकडे न बघता बाहेर पडली.

मृत्युपत्र रद्द झालं. त्यानंतर धारपांनी पंचनाम्याची नक्कल मागवली. दाव्यात मरणाच्या वेळेपलीकडे तो कुणी वाचलाच नव्हता. खुद्द त्यांनीही नाही. रात्री दिव्याशी धरून त्यांनी तो पहिल्यापासून वाचला. घोंगडं. मोडलेली मान. पायातल्या वहाणा. सगळं जसंच्या तसं. आणि शेवटची ओळ...

'वेळ सकाळी सात. मयताच्या डाव्या अंगठ्यास काळी शाई. ओली.'