खिंडीत राहिलेला दगड

हे खरं घडलेलं आहे. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती, वाटेत पडकं घर नव्हतं. मे महिन्यातली स्वच्छ दुपार होती, आणि ठिकाण होतं इटलीतल्या उंब्रिया नावाच्या डोंगराळ मुलखातली एक खिंड.

पण सुरुवात तिथं झाली नाही. सुरुवात झाली धारवाडजवळच्या अळणावरला, त्याच्या आदल्या ऑक्टोबरात, २००४ साली.

विमला धारवाडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची. लग्न केलं नव्हतं. माळमड्डीच्या घरात ती आणि तिचे वडील सत्याप्पा, दोघंच. अप्पा तरुणपणी मराठा पलटणीतून इटलीच्या लढाईवर गेलेले, परत आल्यावर शाळेत ड्रिल मास्तर झालेले. ब्याऐंशी वर्षांचे झाले तरी चालणं सुटलं नव्हतं. दसऱ्याच्या सुट्टीत दोघं सकाळच्या गाडीनं अळणावरला उतरली आणि जंगलातल्या खिंडीकडं निघाली.

अप्पा पुढं, ती मागं. अप्पांच्या काठीला खाली लोखंडी टोपी होती.

टक्... टक्... टक्.

"काय गं प्राध्यापकीण, दम लागला व्हय?" मागं न बघताच त्यांनी विचारलं.

"नकाशात एवढी चढण दिसत नाही," ती म्हणाली.

"नकाशा काढणारा बसून काढतोय की."

खिंडीत म्हसोबा होता आणि त्याच्यापुढं एक सपाट खडक. अप्पांचं गाव तिथून जवळच. त्या गावच्या लाकूडतोड्यांची एक रीत होती. जंगलात शिरताना प्रत्येकानं खडकावर एक दगड ठेवायचा. परतताना आपला दगड आपण काढून खाली टाकायचा. दिवस मावळता खडकावर दगड उरला, की गावाला कळायचं... कोणीतरी आत राहिलंय.

परत न आलेल्याचा दगड त्याच्या घरच्या माणसानं काढायचा. तो तिथंच खिंडीत टाकायचा. मगच तो माणूस सुटला असं धरायचे.

अप्पांनी ही रीत लढाईतही सोडली नव्हती. चव्वेचाळीस साली उंब्रियातल्या एका खिंडीत, वाकलेल्या चेस्टनटच्या झाडाखाली, त्यांनी आणि त्यांच्या गावाकडच्या पोरांनी दगड ठेवले होते. मग हुकूम बदलला आणि पलटण दुसऱ्याच खोऱ्यानं उतरली.

"माझा तिथंच राहिलाय," अप्पा नेहमी म्हणायचे. म्हणताना हसायचे. पण विमलानं पाहिलं होतं, त्यानंतर ते काठीची टोपी उगाच पुसत बसत.

तो दगड काढायला दोघं येत्या मे महिन्यात जाणार होती. कृष्णाची, म्हणजे विमलाच्या भावाची, मुलगी कुसुम तिकडं नोकरीला होती. पासपोर्ट झाले होते. अप्पांनी नवे बूट घेऊन घरात घालून फिरायला सुरुवातही केली होती.

त्या दिवशी अळणावरच्या खडकावर अप्पांनी जांभा दगड ठेवला. तांबडा, सच्छिद्र, एका बाजूला अंगठा बसेल एवढा खळगा असलेला. परतताना विमलानं आपला दगड काढला. अप्पांनी आपल्या दगडाला काठी लावली... आणि तसाच राहू दिला.

"अप्पा, काढा की. गाडी चुकेल."

"असू दे. जुना आधी. तिकडचा काढल्याशिवाय हा कसा काढू?"

तिला गंमत वाटली. गाडी मिळाली. घरी आल्यावर दोघांनी पिठलं-भाकरी खाल्ली. एवढंच. साधा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा खुर्चीत गेले. छातीवर पेपर होता. तिनं आधी पेपर उचलून त्याची नीट घडी घातली, मग लक्षात आलं.

ती रडली नाही. लोक आले, कृष्णा हुबळीहून आला, सगळं रीतसर झालं. काठी चितेवर ठेवली. ती जळताना लोखंडी टोपी कधी गळून पडली ते तिनं पाहिलं. आत काहीच हललं नाही. जणू एखादं पुस्तक वाचत होती आणि ते फारसं चांगलं नव्हतं.

बारावं झाल्यावर ती कृष्णाला घेऊन अळणावरला गेली. दगड घरच्या माणसानं काढायचा होता.

खडकावर दगड नव्हता.

आजूबाजूला कुठं पडलेलाही नव्हता. खडकावर सगळीकडं धूळ बसली होती. फक्त एक जागा स्वच्छ होती... मुठीएवढी, गोल, अजून ओलसर.

"गुरंबिरं आली असतील," कृष्णा म्हणाला.

गुरांची एकही खूण नव्हती. ती "हं" म्हणाली.

मे महिन्यात ती एकटीच इटलीला गेली. न जाण्यासाठीसुद्धा काही वाटावं लागतं. तिला काही वाटत नव्हतं.

कुसुमनं तिला आधी धबधबा दाखवला, मग एक अरुंद घळ, चुनखडकात पाण्यानं कोरलेली. विमलानं सगळं पाहिलं, खडकांवर हात फिरवला, विद्यार्थ्यांना सांगावं तसं कुसुमला दोन शब्द सांगितले. तिसऱ्या दिवशी दोघी अप्पांनी सांगून ठेवलेल्या खिंडीकडं निघाल्या. झाडांवर तांबड्या-पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांनी वाट दाखवलेली होती. पिवळ्या फुलांची झुडपं, पलीकडं एकामागं एक डोंगर. एक पक्षी सारखा ओरडत होता, आपल्याकडच्या कोकिळेसारखा.

चेस्टनटचं रान लागलं... आणि पक्षी थांबला.

वाराही नव्हता. कुसुम बोलत होती, पण तिचा आवाज कापसातून यावा तसा वाटत होता.

मग पुढच्या वळणापलीकडून...

टक्.

टक्... टक्.

विमला चालत राहिली. दगडी वाट आहे, कोणीही काठी टेकत असेल.

वरून एक म्हातारा शेतकरी कुत्र्याला घेऊन उतरत होता. कुत्रं पोटाशी शेपूट घेऊन त्याच्या पायांत घुटमळत होतं. तो थांबून कुसुमशी त्यांच्या भाषेत बोलला. कुसुम हसली.

"आत्ती, हे म्हणतात, तुमच्या आजोबांना जरा हळू चालायला सांगा. या वयात एवढं बरं नाही."

"कुठल्या आजोबांना?"

कुसुमनं विचारलं. म्हाताऱ्यानं वर बोट दाखवलं. वाट सरळ होती, वरपर्यंत दिसत होती.

वाटेवर कोणी नव्हतं.

"दुसरे कोणी असतील," कुसुम म्हणाली. या वेळी ती हसली नाही. थोडं पुढं गेल्यावर टाच सोलली म्हणून ती एका झऱ्यापाशी बसून राहिली. विमला एकटी वर गेली.

झाड वाकलेलंच होतं. खाली सपाट खडक होता. पांढुरका, तिथल्या सगळ्या डोंगरांसारखा.

चव्वेचाळीस सालचा एकही दगड उरला नव्हता. त्यावर एकच दगड होता.

तांबडा.

विमला कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. जांभा. ऊन आणि पावसानं आपल्याकडं तयार होणारा दगड. या डोंगरात तो असायचं कारण नव्हतं, हे ती वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आली होती. तिनं तो उचलला. अंगठा आपोआप खळग्यात गेला.

दगड सावलीत होता... आणि तरी ऊबदार होता. कुणीतरी आत्ताच हातातून ठेवल्यासारखा.

घरच्या माणसानं दगड काढायचा आणि तिथंच टाकायचा, हे तिला माहीत होतं. तिनं हात पुढं केला. मूठ उघडेना.

शेवटी तिनं दगड पिशवीत घातला.

खिंडीतला दगड घरी नेत नाहीत. अप्पांच्या गावात हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

उतरताना काठीचा आवाज पुढून आला नाही.

मागून आला.

झऱ्यापाशी कुसुम उठून उभी राहिली. तिनं विमलाकडं पाहिलं, मग विमलाच्या खांद्यामागं पाहिलं, आणि घाईघाईनं वाकून बांधलेलीच नाडी परत बांधायला लागली. तिनं काय पाहिलं ते विमलानं विचारलं नाही. कुसुमनंही आजवर सांगितलेलं नाही.

धारवाडला आल्यावर तिनं दगड अप्पांच्या खुर्चीजवळच्या खिडकीत ठेवला.

पहिल्याच सकाळी, अप्पांच्या फिरायला जायच्या वेळी, त्यांच्या खोलीतून आवाज आला.

टक्... टक्... टक्.

बाहेरच्या सोप्यातून आवाज पुढं आला. उंबऱ्यापाशी थांबला.

त्या घरात एक सवय होती. अप्पा बाहेर पडताना उंबऱ्यात थांबून "येतो गं" म्हणायचे. विमला आतून "या" म्हणायची. तिचं "या" ऐकल्याशिवाय ते पायरी उतरत नसत. कधी ती न्हाणीघरात असली तर तिची वाट बघत उभे राहायचे. जाणाऱ्याला "जा" म्हणायचं नाही, हे तिला आईनं शिकवलं होतं. जन्मात तिनं कुणाला म्हटलं नव्हतं.

आता "येतो" कोणी म्हणत नव्हतं. आवाज नुसता उंबऱ्यापाशी थांबायचा. दिवसभर परत यायचा नाही.

तिला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर ती त्या वेळेसाठी लवकर उठायला लागली. चहा करायची, कप घेऊन सोप्यात बसायची, दाराकडं पाठ करून. घरात माणूस होतं. तेवढं तिला पुरत होतं. दगड खिडकीत होता तोवर हे असंच चालणार होतं, आणि तिला ते चाललं असतं.

पावसाळ्यात जुनी दूधवाली गावी गेली आणि तिच्या जागी सरूबाई यायला लागली. या घरातलं तिला काही माहीत नव्हतं. आठवडाभर ती मुकाट्यानं दूध घालून गेली. मग एक दिवस भांडं हातात देता देता थांबली.

"अक्का, रागावू नका, एक विचारू?"

"विचार की."

"तुमचे काठीवाले आजोबा रोज उंबऱ्यात का उभे असतात? आत येईनात, बाहेर जाईनात. मी बाजूनं हात घालून दूध देते. बोलवलं तर बोलत नाहीत." तिनं आवाज खाली आणला. "पाय सुजलेत हो त्यांचे. उभं राहून राहून. एक खुर्ची तरी द्या."

विमलाच्या हातातलं भांडं कलंडलं. दूध उंबऱ्यावरून पायरीवर ओघळलं... एका जागी दुभंगून, दोन्ही बाजूंनी वळसा घालून. मधे काहीतरी असावं तसं.

पुढच्याच रविवारी ती दगड घेऊन अळणावरला गेली आणि खिंडीत टाकून आली. तेव्हापासून आवाज येत नाही, असं ती सांगते. पण अजूनही ती त्याच वेळेला जागी होते. आणि हे सांगताना दाराकडं बघत नाही.

दूध सांडलं त्या सकाळी मात्र तिनं पाहिलं. सरूबाई गेल्यावर ती खिडकीपाशी गेली, दगड हातात घेतला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा दाराकडं तोंड करून उभी राहिली. उंबऱ्यात ऊन पडलं होतं. कोणी दिसलं नाही. अंगठा खळग्यात होता. दगड ऊबदार होता.



मग ती म्हणाली,

"दगड काढलाय मी, अप्पा. जावा आता."