उंच कड्यावरचा पीच

ती ऑफिसच्या स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा बेसिनवर वाकून एक अनोळखी तरुण पीच खात होता... डोळे मिटलेले, रस पार कोपरापर्यंत ओघळलेला.

"नॅपकिन देऊ?"

तो दचकला. "मी... काम करतोय."

"दिसतंय. कामात फारच रस आहे तुम्हाला!"

तो नवा चित्रकार निघाला. या कंपनीच्या व्हिडिओ गेमचा सगळा डोलारा पीचवर उभा होता. आजवरच्या प्रत्येक भागात नायक पीच खायचा आणि त्याला एक जीव वाढवून मिळायचा. नव्या भागातले पीच रंगवायचं आणि जागोजागी ठेवायचं काम याच्याकडे आलं होतं. ती गेमची तपासनीस, चुका शोधण्यावरच तिचं पोट. सगळे तिला शंकासुर म्हणत. आई तर म्हणे, हिला काळजीचं काही कारण उरलं नाही, की हिला त्याचीच काळजी लागते.

मग तो रोज काहीतरी निमित्त काढून तिच्या टेबलाशी येऊ लागला.

"लाली जास्त झालीय का?"

"पीचची, की तुझी?"

तुम्हीचं तू कधी झालं, कळलंही नाही. पण त्याची नोकरी अजून कच्ची होती. हा भाग नीट पार पडला, तरच पक्की होणार होती.

आणि नेमका शेवटच्या आठवड्यात तिला तो पीच दिसला. उंच कड्यावर. तिने उड्या मारमारून पाहिल्या, पण नायकाचा हात वीतभर खालीच राहायचा. न मिळणारा पीच म्हणजे चूक, आणि ती चित्रकाराची. कळवावं तर त्याच्या पोटावर पाय, न कळवावं तर स्वतःच्या कामाशी बेइमानी... इकडे आड, तिकडे विहीर! शेवटी छातीवर दगड ठेवून तिने साहेबांना कळवलं. डबा उघडला, तसाच बंद केला.

संध्याकाळी तो आला. "साहेबांनी बोलावलं होतं."

तिने हातातला कंट्रोलर खाली ठेवला. "रागावलास?"

"तू नेहमी एकटीच खेळतेस का गं?"

"तपासताना आणखी कोण असणार?"

त्याने खुर्ची ओढली, दुसरा कंट्रोलर उचलला. पडद्यावर आणखी एक गडी आला आणि कड्याखाली ओणवा झाला.

"चढ."

तिने नायकाला त्याच्या पाठीवर चढवलं, उडी मारली... पीच हातात!

"याला दोघं लागतात," तो म्हणाला. "साहेबांना विचारूनच ठेवला होता. वाटलं, अडलीस की मला हाक मारशील. तू थेट साहेबांकडे गेलीस!"

"मग तुझी नोकरी?"

"पक्की. साहेब नुसते हसत होते."

तिला रडू आलं, हसूही आलं. पण काळजी काही संपेना. आत्ता बोलले नाही, तर पुन्हा कधी धीर व्हायचा नाही, ही भीती आता वाटत होती.

"मला वाटलं, माझ्यामुळे तू जाशील... आणि तू गेलास तर मला इथे यावंसंच वाटणार नाही. आवडतोस तू मला. खूप. हसू नकोस हं!"

तो हसला नाही. त्याचं बोट कंट्रोलरवर तसंच दाबलेलं राहिलं आणि पडद्यावरचा त्याचा गडी चालत चालत सरळ दरीत गेला.

"अरे, पडलास!"

"पडू दे." त्याने कंट्रोलर बाजूला ठेवला. "मी रोज हेच सांगायला येतो... आणि लालीचं विचारून परत जातो. तू पुन्हा म्हण ना."

तिने पुन्हा सांगितलं, या खेपेला जरा मोठ्याने.