फारच चांगला रिपोर्ट

"तासाभरात माझ्या बहिणीला घरी नेतील आणि तिथे ती मरेल, बाई!" गरोदर बहिणीचा भाऊ रडकुंडीला आला होता. "रक्तदाब वाढलाय, डोकं ठणकतंय, तोंड सुजलंय. आणि रक्ताचा रिपोर्ट म्हणे चांगला!"

गुप्तहेर बाई लगेच निघाल्या. मागोमाग त्यांचे दीर. त्यांना नाक खुपसायची हौस दांडगी, डोकं मात्र बेताचं.

वॉर्डात सामान बांधणं चाललं होतं. पलंगावरच्या सुनेकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"रक्त घरीच काढलं," सासू म्हणाली. "माझी लेक लॅबमध्येच आहे ना. सुई बघितली की मला घेरी येते. मी आपली बाहेर बसले."

"बंद ट्यूब मी पोचवली," नवरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

"वहिनीला काही झालेलं नाही," नणंद पिशवीत कपडे कोंबत म्हणाली. "काम दिसलं की हिचं डोकं दुखतं." तिची बाही वर सरकली. कोपराच्या खळगीत निळा डाग होता. तिनं बाही झटकन खाली ओढली.

बाईंनी रिपोर्ट वाचला. "भाऊजी, यात मोजलेली दोन्ही प्रथिनं नगण्य."

"मग उत्तमच की!"

बाईंनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

"ही प्रथिनं गरोदरपणात वारेतून रक्तात उतरतात," बाई म्हणाल्या. " एक रक्तवाहिन्या जोपासतं, दुसरं त्याला अडवतं. गरोदरपणात रक्तदाब चढण्याच्या आजारात दुसरं वाढतं, पहिलं घटतं. डॉक्टर, तुम्ही दोघांचं प्रमाण तेवढं पाहिलंत. दोन्ही सारखीच कमी, मग ते ठीकच दिसणार! पण धडधाकट गरोदर बाईत पहिलं भरपूर हवं, आजारी असेल तर दुसरं. हे रक्त गरोदर बाईचं नाहीच. सासूबाई सुईला घाबरतात, नवऱ्याच्या हाती बंद ट्यूब आली. मग उरलं कोण? बाही वर करा."

नणंद उसळली. "हो, तिचं बेसिनमध्ये ओतलं, माझं भरलं! चांगलं रक्त गेलं की रिपोर्ट चांगला येणारच. हिची नाटकं एकदा सगळ्यांना कळू देत म्हटलं!"

बाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली. दोन जिवांशी खेळ, आणि तो भांडी कुणी घासायची यावरून! किळस वाटावी अशी माणसं.

"अजून वेळ गेलेली नाही, बाळ लगेच बाहेर काढू," म्हणत डॉक्टरीणबाईंनी पलंग ऑपरेशन थिएटरकडे ढकलायला घेतला. भाऊ बहिणीचा हात धरून सोबत धावला.

नवरा बाईंजवळ सरकला. "हे बाहेर बोलू नका हं. बहिणीचं लग्न ठरतंय."

"आणि बायको?"

"तिचं डॉक्टर बघतायत ना," तो म्हणाला आणि बहिणीच्या हातातली पिशवी घेऊन जिन्याकडे वळला.