पहिली बास्केट होईपर्यंत

ब्रेमर फॉल्समध्ये सामना सुरू झाला की गाव उभं राहतं. घरच्या संघाची पहिली बास्केट होईपर्यंत कुणी बसत नाही. टाळ्या एका लयीत चालू असतात. म्हातारे उभे, गरोदर बायका उभ्या, पाद्रीबुवा उभे. बास्केट झाली की सगळे एकदम खाली बसतात, आणि लाकडी बाकांचा जो धप्प आवाज होतो तो नदीपलीकडे ऐकू येतो म्हणतात. मी नदीपलीकडे जाऊन ऐकलेलं नाही, कारण त्या वेळी मी संघात असतो. म्हणजे संघाच्या बाकावर असतो.

आमचा कारखाना एनॅमलच्या किटल्या करतो, म्हणून संघाचं नाव 'केटल्स'. प्रतिस्पर्धी गावांतले लोक आम्ही मैदानात उतरलो की तोंडाने शिट्टी वाजवतात. आम्हाला राग येत नाही. ज्या गावांत शिट्टी वाजते त्यातल्या निम्म्या घरांत चहा-कॉफीचं पाणी आमच्याच किटलीत उकळतं. दिवसा मी किटल्यांना दांडे बसवतो आणि संध्याकाळी व्यावसायिक बास्केटबॉल खेळतो, किंवा खेळणाऱ्यांकडे बघतो. ऑर्विल टेस्की हे माझं नाव. पेपरात ते दोनदा आलं आहे, त्यातलं एकदा चुकीचं.

बाकावर बसणाऱ्याला सामन्यापेक्षा प्रेक्षक जास्त दिसतात. १९४९ च्या डिसेंबरात माझ्या लक्षात आलं की पहिली बास्केट झाल्यावर गाव बसतं, पण समोरच्या गॅलरीची अगदी वरची, छताच्या तुळयांना लागून असलेली रांग बसत नाही. ओव्हरकोट घातलेले वीसेक लोक भिंतीला पाठ लावून उभे. चेहरे दिव्यांच्या वर, त्यामुळे अंधारात.

"वरचे का उभे आहेत?" मी एल्मरला विचारलं.

एल्मर वुंडर्लिश आमचा सेंटर, म्हणजे संघातला सगळ्यात उंच गडी. दारातून आत येताना तो सवयीने वाकतो, दार कितीही उंच असलं तरी. तो तेव्हा नुकताच दमून बाकावर आला होता.

"ते उभेच असतात."

"कोण ते?"

"टेस्की, तू खेळाकडे बघ की."

"मला खेळायला घेत नाहीत, एल्मर. मी कुठेही बघू शकतो."

त्याने टॉवेल डोक्यावर ओढला. विषय संपला.

मी क्लुगबाईंच्या घरी खोली घेऊन राहतो. त्या सत्तरीच्या. दोन्ही गुडघे गेलेले. पण सामना चुकवत नाहीत, पहिल्या ओळीत बसतात आणि रेफरीला त्याच्या आईच्या नावाने ओळखतात. दुसऱ्या दिवशी त्या लोणच्याची काकडी चिरत होत्या, तेव्हा मी वरच्या रांगेचा विषय काढला.

"त्यांनी अजून बघितली नाही," त्या म्हणाल्या.

"काय बघितली नाही?"

"बास्केट."

"काल एल्मरने एकट्याने नऊ केल्या."

"तुमच्यासाठी केल्या रे त्या." त्यांनी सुरीने एक चकती माझ्याकडे सरकवली. "खा. तुझ्या अंगात जोर नाही, म्हणून ड्रेव्हेक तुला उतरवत नाही."

ड्रेव्हेक आमचे कोच.

एका रविवारी सकाळी सराव झाल्यावर मी वर चढलो. आमचं मैदान म्हणजे सैन्याचं जुनं कवायतीचं सभागृह. गॅलरी पुढे गावाने स्वतः ठोकली. शेवटच्या बाकाच्या मागे भिंतीपर्यंत मोजून एक वीत जागा होती. तिथे मांजर उभं राहिलं असतं, तेही विचार करून. फळीवर धूळ जाड होती आणि सारखी होती, कुणाच्या पावलाची खूण नव्हती. मी समाधानाने उतरणार होतो. मग भिंत दिसली. तिचा चुना खांद्यांच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घासून गुळगुळीत झाला होता. जुन्या बसमधल्या सीटच्या पाठीसारखा.

मी हात लावून पाहिला. भिंत कोमट होती. बाहेर नदी गोठलेली.

त्यानंतर मी वर बघायचं नाही असं ठरवलं, आणि जे करायचं नाही असं मी ठरवतो ते मी नीट लक्ष देऊन करतो. जानेवारीत कळलं की त्यांच्या टाळ्यांत काहीतरी गडबड आहे. नदीपलीकडे कुणी लाकूड फोडत असेल तर आधी कुऱ्हाड खाली येताना दिसते आणि मग आवाज येतो. वरच्या रांगेचं उलटं होतं. आधी आवाज यायचा, मग हात जुळायचे.

हे मी कुणाला सांगितलं नाही. गावात माझी ख्याती विनोदी माणूस अशी आहे, आणि अशा माणसाने एक खरी गोष्ट सांगितली की लोक हसतात आणि पाठ थोपटतात.

एरवी त्या मोसमात काळजी वेगळीच होती. लीगमधल्या मोठ्या शहरांना आमच्यासारखी गावं नको झाली होती. आमच्याकडे रेल्वे थांबायची ती दूध घ्यायला. तिच्यातून खेळाडू उतरायचे तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असायचे. फेब्रुवारीत कोचनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

"लीगचं म्हणणं आलंय," ते म्हणाले. "प्लेऑफ, म्हणजे शेवटची बाद फेरी, गाठलं तर पुढच्या वर्षी आपण आहोत. नाही गाठलं तर नाही."

"नाही म्हणजे?" एल्मरने विचारलं.

"म्हणजे संध्याकाळीसुद्धा किटल्या."

शेवटच्या सामन्यापर्यंत निकाल लागला नव्हता. तो सामना होता लेकपोर्ट मेट्रोज या बड्या शहरी संघाशी, आमच्याच सभागृहात. जिंकलो तर प्लेऑफ. मेट्रोजचे कोच होते हॅलोरन नावाचे गृहस्थ, ते गाडीतून उतरतानाच पत्रकारांना म्हणाले, "या गावाला उभं राहायची हौस आहे ना? मग राहू दे संध्याकाळभर."

आम्हाला वाटलं, गंमत करतायत. गंमत करणं हे माझं खातं असल्यामुळे मला आधी संशय आला.

मेट्रोजना सुरुवातीलाच एक फ्री थ्रो, म्हणजे एका गुणाचा मोकळा नेम, मिळाला, तो त्यांनी टाकला. एक-शून्य. आम्ही चेंडू घेऊन गेलो, एल्मरचा नेम चुकला, चेंडू त्यांच्याकडे गेला. आणि तिथेच राहिला. ते बास्केट करायलाच जाईनात. मैदानाच्या आमच्या बाजूला उभे राहून एकमेकांकडे चेंडू देत राहिले, पत्त्याच्या डावात कुणाचीच पानं चांगली नसावीत तसे. याविरुद्ध नियम नव्हता. रेफरी घड्याळाकडे बघत होता. आमची पोरं धावत होती. क्वचित चेंडू हाती आला तर घाईने टाकायची आणि चुकायची, कारण कानात टाळ्या होत्या आणि समोर सगळं गाव उभं होतं.

कारण पहिली बास्केट झाली नव्हती.

अर्धा सामना झाला. गाव उभंच. मध्यंतरातसुद्धा कुणी टेकलं नाही, कारण मध्यंतरात बसायचं की नाही हा प्रश्न आमच्या इतिहासात कधी आला नव्हता आणि चुकीची प्रथा पाडायला कुणी तयार नव्हतं. सॉसेजवाला उभ्या लोकांना सॉसेज विकत होता. पाद्रीबुवांनी खांबाला टेकायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे बघितलं. मी क्लुगबाईंजवळ गेलो.

"बसा तुम्ही. कुणी काही म्हणणार नाही."

"मी म्हणेन," त्या म्हणाल्या. दोन्ही हातांनी त्यांनी समोरचा कठडा धरला होता. "तू तुझं काम कर."

"माझं काम बसायचं आहे, क्लुगबाई."

"मग तेही नको करू."

परत येताना मी सभागृहभर नजर टाकली. बेकरीवाला, शाळेतल्या शिक्षिका, कारखान्याचे मालक आणि त्यांनी मागच्याच महिन्यात काढून टाकलेला फोरमन, खांद्याला खांदा लावून. घामाने चेहरे चमकत होते. टाळ्या एका लयीत. मी या गावात जन्मलेलो नाही, नोकरीसाठी आलो. त्या क्षणी मला कुणी 'तू कुठला' असं विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो.

दुसऱ्या अर्ध्यात आमचा गेरहार्ट घोटा मुरगळून बाहेर आला. घड्याळात फार थोडं उरलं होतं. अजून एक-शून्य. कोच माझ्याकडे वळले.

"टेस्की, ऊठ."

"मी उभाच आहे, कोच."

"मग जा."

मी गेलो. मेट्रोजचा एक खेळाडू, लाल केसांचा गार्ड, कोपऱ्यात चेंडू घेऊन उभा होता, बरोबर वरच्या रांगेच्या खाली. माझ्याकडे बघून तो हसला.

"काय रे किटली, उकळली का?"

"थोडा वेळ लागेल," मी म्हणालो. "बुडाला जाळ नाही."

तेव्हा टाळ्या थांबल्या. सगळ्या गावाने एकाच वेळी श्वास घेतला असावा. इतका वेळ टाळ्या वाजवल्यावर तसं कधीतरी होणारच.

पण वरून एक टाळी आली.

एकाच जोडीची. ओल्या हातमोज्यांची असावी तशी, जड. मग दुसरी.

लाल केसांच्या गार्डने वर बघितलं.

त्याने काय बघितलं ते मला माहीत नाही. मी त्याचा चेहरा बघत होतो. हसू जागच्या जागी राहिलं, त्याच्या मागून माणूस तेवढा गेला. त्याने चेंडू दोन्ही हातांत धरून पुढे केला, चर्चमध्ये दानाची थाळी पुढच्याकडे सरकवतात तसा, आणि मला दिला. टेस्कीने हिसकावला असं पेपरात आलं. दिला.

मी धावलो.

मागे कुणीच आलं नाही. मी उडी मारली आणि चेंडू सोडला. तो रिंगच्या कडेवर पडला आणि फिरायला लागला.

एक फेरी.

धप्प.

वरून. वीसेक माणसं एकदम बसल्याचा आवाज.

चेंडू अजून कडेवर होता.

तो आणखी अर्धी फेरी फिरला, आणि जाळीतून खाली आला.

मग गाव बसलं. तो आवाज मी वर्णन करत नाही. छतावरचा बर्फ बाहेरच्या बाजूने घसरला. बसलेलं गाव बसल्या बसल्या रडत होतं, आणि घड्याळ संपलं तेव्हा परत उठून ओरडत होतं. दोन-एक, कारण बास्केटचे दोन गुण. क्लुगबाई मात्र उठल्या नाहीत. "आता मला उचलायला क्रेन मागवा," त्या म्हणाल्या, आणि कारखान्याच्या मालकांनी आणि त्या फोरमनने मिळून त्यांना एका खुर्चीत घालून घरी नेलं. फोरमन सोमवारी कामावर होता.

निघताना लाल केसांचा गार्ड एल्मरजवळ थांबला. "ते वरचे कोण आहेत?"

एल्मरने खाली त्याच्याकडे बघितलं.

"आमचेच," तो म्हणाला.

इतक्या अभिमानाने मी त्याला स्वतःच्या मुलांबद्दलही बोलताना ऐकलेलं नाही.

प्लेऑफमध्ये आम्ही पहिल्याच फेरीत साफ हरलो, त्याचं गावाला काही वाटलं नाही. लीगने शब्द पाळला. या मोसमात आम्ही आहोत, आणि गावाने वर्गणी काढून संघाला निळी लोकरी जाकिटं शिवली. माझ्या पाठीवर चौदा नंबर आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पहिल्या सामन्याच्या सकाळी, ते कागदातून काढलं तेव्हा त्याला अजून इस्त्रीचा वास होता.

त्या संध्याकाळी एल्मरने लगेच बास्केट केली, गाव बसलं. मी वर बघितलं. वरची रांग सामना सुरू झाल्यापासूनच बसलेली होती. शांत, मांडीवर हात ठेवून, घरच्यासारखी.

मधोमध एक जागा रिकामी होती. आमच्याकडे, अजून यायच्या माणसासाठी जागा धरायची तर तिच्यावर कोट टाकून ठेवतात, आणि तशी धरलेली जागा गावात कुणी मोडत नाही. तिथे निळं जाकीट टाकलेलं होतं, पाठ आमच्याकडे करून. चौदा.

माझं माझ्या अंगात होतं.

वरचं जुनं होतं. रंग उडालेला, कोपरं झिजून पांढरी पडलेली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं. वीस लोकांच्या रांगेत मधली जागा कुणालाही देत नाहीत. आणि कोपरं तेवढी झिजायला वेळ लागतो. चांगली लोकर आहे, गावाने काटकसर केलेली नाही. तेव्हापासून मी जाकीट जपून वापरतो. बाकावर कोपर टेकत नाही. क्लुगबाईंच्या टेबलावर तर नाहीच. त्या म्हणतात, पोराला शेवटी वळण लागलं.

काल सामना जिंकून घरी आलो आणि जाकीट खुंटीला लावलं. डाव्या कोपरावर लोकर विरळ झाली आहे. आतलं पांढरं अस्तर दिसतं, नाण्याएवढं.

नोव्हेंबर अजून संपलेला नाही.