ताटावरचे तीन पेले

चांगुणाबाईच्या घरात भांडी दोन तऱ्हेची होती, स्वयंपाकाची आणि पहाऱ्याची. पहाऱ्याची म्हणजे एक स्टीलचं ताट आणि तीन पेले. ताटावर एक पेला पालथा, त्यावर एक उताणा, त्यावर पुन्हा एक पालथा. त्र्याण्णव साली किल्लारीकडच्या भूकंपात तिचं माहेर गाडलं गेलं, तेव्हापासून हा मनोरा उंबऱ्याशी उभा असे. जमीन हलली की आधी पेले पडतात, भिंत नंतर येते, तेवढ्यात माणसानं बाहेर पळायचं. गल्लीतल्या आणखी चार घरांनीही ही युक्ती उचलली होती. लेक सुकेशनी वालूरहून सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवायला जाई, ती भूकंपाच्या धड्याला आईच्या पेल्यांचंच उदाहरण देई.

फाल्गुनात चार पांढरे ट्रक आले. त्यांच्या पोटाखाली जाड लोखंडी पाट होता. दर शंभर पावलांवर ते थांबत, पाट जमिनीला टेकवत आणि जमीन गुणगुणू लागे. ते कानांपेक्षा दाढांत जास्त जाणवे. टोपीवाली माणसं विचारलं की फक्त 'सर्वे' म्हणत. आठव्या दिवशी ते चांगुणाबाईच्या घरामागं, जुन्या दगडमातीच्या भिंतीला लागून थांबले, आणि तिथूनच परत गेले.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी पावणेबाराला पेले पडू लागले. फक्त चांगुणाबाईचे. शेजारच्या घरांतले जागचे हलत नसत. रांजणातल्या पाण्यावर तरंग उठत नसे. आणि पडतानाही ते धडाधड पडत नसत. ठण. मग जरा थांबून ठण. मग ठण.

चांगुणाबाईनं आपली बाज अंगणात पत्र्याखाली नेली आणि घरात पाऊल टाकायचं बंद केलं. चैत्राचं ऊन असं की पत्र्याखाली भाकरी भाजावी. आठवड्यात तिला दोनदा चक्कर आली. डॉक्टरांनी सुकेशनीला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना घरात, गारव्यात ठेवा. पुढची चक्कर झेपायची नाही."

सुकेशनीचा धाकटा भाऊ नागसेन सेलूला कापसाच्या जिनिंगवर कामाला होता. तो मोबाइल नाचवत आला. "अक्का, हे हत्यार हाय. भूकंप पाडायचं मशीन. समदं आलंय ह्याच्यात. आपल्यावर टेस्ट करायलेत."

"मायसमोर येड्यावानी बोलू नको!" सुकेशनी भडकली. "किल्लारीला जेवढी ताकद सुटली, तेवढी असल्या लाख ट्रकांत न्हाई. मी शिकवते ते."

"मग ट्रक कुनाचे, ते सांग."

तिचं डोकं आणखीच तापलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती परभणीला गेली. जिल्हा कचेरीतल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि ते हसले.

"मॅडम, यंत्रानं भूकंप होत नसतो. तुम्ही तर विज्ञान शिकवता!"

"मी ते विचारलेलंच नाही. ट्रक कोणाचे होते, ते सांगा."

त्यांनी संगणकात डोकावून पाहिलं. "तुमच्या तालुक्यात असल्या कुठल्याच सर्वेला परवानगी नाही. म्हणजे ट्रक आलेलेच नाहीत. धक्क्याचीही नोंद नाही."

"आलेले नाहीत? माझ्या दारात उभे होते ते!"

"उन्हानं होतं असं," साहेब मायेनं म्हणाले.

ती माया तिच्या मस्तकात गेली. आलेले ट्रक न आलेले करायला या माणसाला दोन मिनिटं पुरली होती. "हेच लिहून द्या," ती ओरडली. त्यांनी दिलं. कसलंही कंपन नाही, घाबरण्याचं कारण नाही, खाली गोल शिक्का.

परतताना एसटीत तिला वाटत होतं, या कागदाचा बोळा करून फेकावा. पण बाजेवर धापा टाकणारी आई दिसली आणि तिनं तोच कागद खणखणीत आवाजात वाचून दाखवला. स्वतःला न पटलेला कागद.

चांगुणाबाईनं शांतपणे ऐकलं. मग आजवर कधी न सांगितलेलं सांगितलं.

"भूकंप झाला, त्याच्या दुसऱ्या दिशी आमी तितं पोचलो. ढिगाऱ्याखाली माझी माय पेला वाजवायली होती. तीन डाव वाजवायची, मग दम घ्यायची. मी म्हनलं, हातानं काढा, हळू काढा. कोनी ऐकलं न्हाई. मशीन आणलं. मशीन वर चढलं आन् आवाज थांबला. तवा बी लिहूनच दिलं हुतं बाई, की खाली कोनी जित्तं न्हाई."

"माय, तू घरात चल," सुकेशनी म्हणाली.

"पेले राहू दे मंग. पेले वाजले तर मी भाईर येते."

सुकेशनीनं पेले राहू दिले. फक्त आई अंघोळीला गेली तेव्हा तिनं ताट, पेले, सगळे सांधे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या पक्क्या डिंकानं चिकटवून टाकले. वाजणारच नाहीत, तर ती बाहेर येणारच नाही. एका हातानं ताट उचलून तिनं हलवून पाहिलं. मनोरा जागचा हलला नाही.

गुरुवारी पेले वाजले नाहीत. शुक्रवारी, शनिवारीही नाही. चांगुणाबाई आत गार फरशीवर पडून राही, चार घास जास्त खाई. नागसेन म्हणाला, "बघ, थांबली टेस्ट." सुकेशनीनं त्याला डिंकाचं सांगितलं नाही.

रविवारी ती घरीच होती. पावणेबारा वाजले. उंबऱ्याशी पेले मुकाट उभे होते.

आतून खरडल्याचा आवाज आला.

चांगुणाबाई मागच्या भिंतीशी बसली होती. हातात खुरपं. फरशी उचकटलेली, आणि भिंतीच्या बुडाशी कोपरभर खोल खड्डा. भिंतीचे खालचे दगड उघडे पडले होते.

"माय! भिंत अंगावर येईल! काय करायलीस?"

"पेले वाजंनात," ती मागं न बघता म्हणाली. "म्हनून ती इथून वाजवायलीय."

सुकेशनीनं तळवा जमिनीवर ठेवला. काही नाही. अगदी कागदात लिहिलं होतं तसं.

ती संतापानं उंबऱ्याशी आली. चूक तिची होती. हे पेले सोडवायचे, पहिल्यासारखे वाजू द्यायचे, आईला बाहेर आणायचं. तिनं एका हातानं ताट उचललं.

उचललं गेलं नाही.

दोन्ही हातांनी ओढून तिनं ते कसंबसं अंगणात आणलं. डिंक कुठंच सुटला नव्हता. खालच्या पेल्याच्या कडेत सुरी घालून तिनं जोर लावला. पेला निघाला.

आत माती होती. गच्च, ओली, पांढरी माती.

वालूरच्या काळ्या रानात असली माती कुठं नव्हती. तिच्या आजोळच्या घराचं माळवदी छत असल्या मातीचं होतं, असं आई सांगायची.

"हातानं काढ, बाई," आतून चांगुणाबाई म्हणाली. "हळू."

सुकेशनीनं बोटांनी माती उकरली आणि पेला उन्हाकडं धरला. आतल्या बाजूनं स्टीलवर नखांचे ओरखडे होते. तीन, मग थोडी जागा, मग पुन्हा तीन.